क्लिनिकल फार्मसीच्या शिक्षकाचा आठवडा: आधी वॉर्डातली सकाळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी ही सहा वर्षांची पदवी) पूर्ण करून तुम्ही नाशिकमधल्या एका महाविद्यालयात फार्मसी प्रॅक्टिस, म्हणजे रुग्णाजवळ राहून औषधांचा वापर तपासायला शिकवणाऱ्या, विभागात रुजू झालात, त्याला दीड वर्ष होत आले. आठवड्याला १६ तास वर्गावर शिकवायचे, रोज सकाळी पाचव्या वर्षाच्या मुलांना घेऊन रुग्णालयात जायचे, प्रोजेक्टचे दोन गट सांभाळायचे, औषध माहिती केंद्र (औषधांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देणारा कक्ष) पाहायचे आणि शिवाय महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फायली तयार ठेवायच्या. अनुभवी शिक्षक शिकवणे, रुग्णसेवा, संशोधन आणि कार्यालयीन काम यांत वेळ कोणत्या प्रमाणात वाटतात आणि याच काळात पीएच.डी.साठी नाव नोंदवावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी याच शहरात १७ वर्षे हेच काम करते आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

प्रमाण पुढे देतेच, पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तुम्ही हा प्रश्न वेळ कमी पडण्याचा म्हणून मांडला आहे. तुमचे वर्णन वाचल्यावर मला मात्र खरी अडचण वेगळी दिसते. सहा दिवसांच्या आठवड्यात रोज आठ तास धरले, तर तुमच्याकडे ४८ तास आहेत. त्यांतले १६ वर्गात जातात आणि सकाळचे तीन तास धरले तर १८ वॉर्डात. उरलेल्या १४ तासांत तासांची तयारी, प्रोजेक्ट, केस तपासणे, औषध माहितीची उत्तरे आणि फायली बसवायच्या आहेत. हे बसत नाही, कारण तुमचे वॉर्डातले १८ तास तुमच्या कार्यभाराच्या तक्त्यात कुठेच धरलेले नाहीत. कागदावर तुम्ही १६ तास काम करणारे शिक्षक आहात, प्रत्यक्षात ३४ तास विद्यार्थ्यांसमोर उभे असता. हा फरक कागदावर येत नाही तोवर कोणतीही टक्केवारी तुमच्या उपयोगाची नाही.

म्हणून आधी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ सालचे फार्म.डी.चे नियम पुन्हा काढून शांतपणे वाचा. पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्याने रोज सकाळचा अर्धा दिवस वॉर्डच्या राउंडमध्ये घालवावा आणि थिअरीचे तास दुपारी ठेवता येतील, असे त्यात म्हटले आहे. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षातही प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाला किमान ५० तास रुग्णालयात काढायचे असतात. कार्यभाराबाबत त्याच नियमांत प्राध्यापकाला आठवड्याला ८, सहायक प्राध्यापकाला १२ आणि अधिव्याख्यात्याला १६ तास सांगितले आहेत. क्लर्कशिप, म्हणजे वॉर्डातले हे प्रत्यक्ष शिक्षण, हा अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि तिथे शिक्षक शिकवतच असतो. तेव्हा वॉर्डातले तास वेळापत्रकात विषयाच्या नावासह, वाराच्या चौकटीत लिहून घ्या. मी हे पहिल्यांदा मागितले तेव्हा मला वाद होईल असे वाटले होते. प्राचार्यांनी तक्ता पाहिला आणि एवढेच विचारले की हे आजवर लिहिले का नव्हते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते मोकळेपणाने सांगते. रुग्णालय संस्थेचे स्वतःचे असेल तर वॉर्ड, ग्रंथालय आणि वर्ग एकाच आवारात असतात आणि दिवस सलग मिळतो. सामंजस्य कराराने जोडलेले रुग्णालय असेल तर जाण्यायेण्याचा वेळ हे एक वेगळेच खाते होते. सकाळी गर्दीचा द्वारका चौक ओलांडून रुग्णालय गाठणाऱ्याला त्याचा अर्थ सांगायला नको. विद्यार्थी किती आहेत, युनिटचे प्रमुख तुम्हाला राउंडमध्ये बोलू देतात की फक्त मागे उभे राहू देतात, रुग्णालयात बसायला एक टेबल आणि संगणक आहे की नाही, विभागात तुमच्यासारखे आणखी किती शिक्षक वॉर्डात जातात, या सगळ्यावर आकडे बदलतात. म्हणून माझे आकडे जसेच्या तसे उचलू नका. त्यामागचा क्रम घ्या.

माझ्या सध्याच्या आठवड्यात वॉर्डाला १८ तास जातात, वर्गाला १०, तासांच्या तयारीला ६, प्रोजेक्ट आणि केस तपासण्याला ६, स्वतःच्या लेखनाला ३ आणि कार्यालयीन कामाला ५. माझ्या अनुभवात पद वाढले की वर्गाचे तास कमी होतात आणि समित्यांचे वाढतात. वॉर्डाचे १८ मात्र मी गेली अनेक वर्षे हलू दिलेले नाहीत. बाकीचे सगळे आठवड्यागणिक पुढेमागे होते.

वॉर्ड आधी ठेवण्याचे पहिले कारण साधे आहे: राउंड कोणासाठी थांबत नाही. व्याख्यान उद्यावर ढकलता येते, लेखाचा मसुदा रविवारी पुरा करता येतो, पण साडेनऊला डॉक्टरांनी लिहिलेल्या डोसबद्दल दुपारी तीनला सुचलेली शंका बहुतेक वेळा वाया जाते, कारण तोवर औषध दिलेले असते. दुसरे कारण या विषयाच्या इतिहासातच आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात १९६६ मध्ये फार्मासिस्टना औषधालयातून काढून नवव्या मजल्यावरच्या वॉर्डात बसवले गेले आणि क्लिनिकल फार्मसीचे आजचे रूप त्या प्रयोगातून घडत गेले. आपला विषय वॉर्डात जन्मला, वर्गात तो नंतर आला. अध्यापन, संशोधन आणि सेवा अशी जी तीन कामे अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या परंपरेत मोजली जातात, ती आपल्याकडे तीन वेगळ्या डब्यांत ठेवली की प्रत्येक डबा अर्धाच भरतो. सेवेच्या तासातूनच शिकवणे आणि संशोधन निघाले, तरच हिशेब जुळतो.

हे मला पुस्तकातून कळले नाही. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका तपासणीसाठी फायली लावायच्या म्हणून मी सलग सहा दिवस वॉर्डात गेले नाही. त्या आठवड्यात सुरगाणा तालुक्यातल्या पन्नाशीच्या एका बाईंना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू करून घरी सोडले. साडेसात मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा आणि जोडीला फॉलिक अॅसिड, अशी चिठ्ठी होती. माझ्या विद्यार्थिनीने मनापासून, शुद्ध मराठीत समुपदेशन केले आणि फॉर्मवर बाईंचा अंगठाही घेतला. बाई घरी कोकणा बोली बोलत. शिवाय त्या वेळी मिळालेल्या दोन्ही गोळ्या पिवळसर होत्या. बाराव्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा तोंड आतून सोलून निघाले होते, भाकरी सोडाच, पेजही गिळवत नव्हती आणि पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. दोन गोळ्यांची अदलाबदल झाली होती. रोजची गोळी आठवड्याला आणि आठवड्याची रोज, असे त्या घेत होत्या. मेथोट्रेक्सेटवरचा उतारा म्हणून फोलिनिक अॅसिड सुरू झाले, पंधरा दिवसांनी त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. मी वॉर्डात असते तर त्या विद्यार्थिनीला एकच वाक्य सांगितले असते: रुग्णाकडून परत वदवून घे. तेवढ्यासाठी मला तिथे पाच मिनिटे पुरली असती.

त्यांना दुसऱ्यांदा घरी सोडताना मी स्वतः शेजारी बसले. आठवड्यातला वार त्यांच्या लक्षात राहत नव्हता, पण आठवडे बाजाराचा दिवस चुकणे त्यांना शक्यच नव्हते. म्हणून ‘ही गोळी बाजारच्या दिवशी, बाकी कधीच नाही’ असे ठरवले, मेथोट्रेक्सेटच्या पाकिटाला लाल दोरा बांधला आणि त्यांच्या सुनेकडून सगळे दोनदा वदवून घेतले. त्या दिवसापासून आठवड्याला एकदा घ्यायच्या प्रत्येक औषधासाठी आमच्याकडे विद्यार्थी आधी गावचा बाजार कोणत्या दिवशी भरतो ते विचारतात. पुढे त्यातूनच एका गटाचा प्रोजेक्ट उभा राहिला आणि चौथ्या वर्षाच्या क्लिनिकल फार्मसीच्या तासाला समुपदेशनाचे प्रकरण मी आजही त्या लाल दोऱ्यापासूनच सुरू करते. एका रुग्णाजवळ घालवलेली वीस मिनिटे सेवेत, शिकवण्यात आणि संशोधनात अशी तिन्ही ठिकाणी जमा झाली. तुम्ही ज्याला वेळेचे वाटप म्हणता, ते मला असे अपेक्षित आहे.

आता प्रत्यक्ष सकाळ कशी घालवावी याबद्दल, कारण वॉर्डात नुसते हजर राहण्यातही पुष्कळ वेळ वाया जातो. राउंड नऊला असेल तर मी सव्वाआठला पोहोचते. त्या पाऊण तासात तीस खाटांचे कागद वाचण्याचा मोह आवरावा लागतो. मी सहा ते आठ रुग्ण निवडते: रात्री नव्याने दाखल झालेले, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक) वाढलेले, सत्तरीपुढचे, वॉर्फरिन, फेनिटॉइन, डिगॉक्सिन किंवा अॅमिनोग्लायकोसाइड अशी डोस काटेकोर पाहावा लागणारी औषधे चालू असलेले आणि आज घरी जाणारे. प्रत्येक विद्यार्थ्याला दोनच रुग्ण, पण ते दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत त्याचेच. ट्रीटमेंट शीट, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट आणि प्रयोगशाळेचे अहवाल शेजारी ठेवून त्याने मला दोन मिनिटांत एकच शंका सांगायची. राउंडमध्ये डॉक्टरांसमोर आम्ही दिवसाला दोन किंवा तीनच सूचना मांडतो. त्या नेमक्या असतात, पर्यायासह असतात आणि रुग्णासमोर कोणाला अवघडल्यासारखे होणार नाही अशा शब्दांत असतात. ‘सर, वॉर्फरिन चालू आहे आणि काल मेट्रोनिडॅझोल सुरू झाले; आयएनआर उद्याच पाहायचा का?’ असे विचारले की (आयएनआर ही रक्त गोठण्याची चाचणी) उत्तर बहुधा ‘हो, पाठवा’ असेच येते. पहिल्या सहा महिन्यांत ऐकून घेतलेल्या अशा सूचनांवरच पुढे युनिटमधली तुमची जागा ठरते. सिस्टरशी बोलायलाही रोज पाच मिनिटे ठेवा. कोणता डोस चुकला आणि कोणते औषध रुग्णाने उशीखाली ठेवले आहे, हे सर्वात आधी त्यांना ठाऊक असते.

राउंड संपल्यावरचा तास खरा शिकवण्याचा असतो आणि नेमका तोच बहुतेक जण गमावतात, कारण सगळ्यांना महाविद्यालयाची बस गाठायची असते. हा तास मी कधी सोडत नाही. सोप नोट (रुग्णाची तक्रार, तपासणीतले निष्कर्ष, मूल्यमापन आणि योजना यांची नोंद) तिथेच लिहून होते आणि तिथेच तपासली जाते. पूर्वी मी चाळीस केसबुके घरी नेऊन रात्री तपासत असे. विद्यार्थ्याला शेरा आठवड्याने मिळे, तोवर रुग्ण घरी गेलेला असे आणि शेऱ्याचा काही उपयोग उरत नसे. आता जागेवर दहा मिनिटांत दोन चुका दाखवते, बाकीच्या सोडून देते. औषधाच्या दुष्परिणामाची नोंदही त्याच तासात भरायची. भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि त्याचा राष्ट्रीय समन्वय गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे आहे. त्यांच्या अर्जात रुग्णाची ओळख, संशयित औषध, झालेला परिणाम आणि कळवणाऱ्याचे नाव एवढे असल्याशिवाय नोंद धरली जात नाही. रुग्ण समोर असताना हे वीस मिनिटांत होते, नारांजो श्रेणीचे (परिणाम त्या औषधामुळेच झाला असण्याची शक्यता मोजणारे) गुण काढण्यासह. दोन दिवसांनी बसलात तर जुने केस पेपर शोधण्यातच दुपार जाते.

तासांच्या तयारीबाबत माझे मत कदाचित तुम्हाला पटणार नाही. तुमच्या वयात मी प्रत्येक व्याख्यानासाठी नव्या स्लाइड करत असे आणि एका तासाला चार तास लागत. आता फार्माकोथेरप्यूटिक्सचा (औषधोपचारशास्त्राचा) प्रत्येक तास मी त्या महिन्यातल्या एका रुग्णावर बांधते, अर्थात ओळख पूर्ण काढून. पुस्तकातला भाग विद्यार्थी आधी वाचून येतात. तयारी निम्म्यावर आली आणि शिकवणे सुधारले, हे मी जबाबदारीने सांगते. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्या सुरू होतात. त्या दिवसांत ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेचा रुग्ण आला, तर क्लिनिकल टॉक्सिकॉलॉजीचा तास मी त्याच दिवशी घेते. अॅट्रोपिन या उताऱ्याचा डोस दर काही मिनिटांनी दुप्पट का करतात आणि कधी थांबायचे हे डोळ्यांच्या बाहुल्यांवरून न ठरवता छातीतला ओलसर आवाज गेला का यावरून का ठरवतात, हे त्या दिवशी एकदा कळले की परीक्षेत विसरले जात नाही.

औषध माहिती केंद्राबद्दल थोडक्यात. प्रश्न घेताना पहिल्याच वाक्यात विचारा की उत्तर रुग्णासाठी आत्ता हवे आहे की अभ्यासासाठी. आत्ताचे उत्तर तासाभरात तोंडी द्या आणि नंतर लेखी. अभ्यासाचे प्रश्न दोन ठरावीक दुपारी विद्यार्थ्यांकडून सोडवून घ्या आणि सही करण्यापूर्वी मूळ संदर्भ स्वतः उघडून पाहा. दिवसभर केंद्रात बसून राहण्याची गरज नाही.

संशोधनात नव्या शिक्षकाचा वेळ सर्वात जास्त वाया जातो तो विषय दूरचा निवडल्याने. पाचव्या वर्षाचा प्रोजेक्ट सहा महिन्यांचा असतो आणि गट दोन ते चार जणांचा. त्यांतले दोन महिने संस्थात्मक नैतिकता समितीच्या मंजुरीत गेले तर माहिती गोळा करायला काय उरते? समितीच्या बैठकांच्या तारखा जूनमध्येच मागून घ्या, प्रस्ताव चौथ्या वर्षाच्या शेवटीच लिहून घ्या आणि विषय असा ठरवा की माहिती तुम्ही रोज जाता त्याच वॉर्डात मिळेल. एका वर्षी मी मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागावर विषय दिला. तो विभाग माझ्या राउंडच्याच वेळी चालत असे. परिणामी गटाला मी भेटत नव्हते आणि माहिती अर्धवट राहिली. दोष विद्यार्थ्यांचा नव्हता, माझ्या नियोजनाचा होता.

फायलींसाठी मी गुरुवारची दुपार ठेवली आहे. आठवडाभराचे हजेरीपट, करारांच्या प्रती, इंटर्नांची प्रमाणपत्रे, सगळे त्याच दुपारी. वॉर्डात केलेल्या प्रत्येक सूचनेची एक ओळ रोज वहीत लिहिली, तर मूल्यांकनाला लागणारा निम्मा पुरावा आपोआप तयार होतो. तपासणीच्या आठवड्यात काय करायचे हे आता आम्ही विभागात आधीच ठरवले आहे: कोणीतरी एक जण वॉर्डात जातोच.

आठवड्याइतकाच वर्षाचाही विचार करा. जुलै ते ऑक्टोबर मेडिसिनचे वॉर्ड डेंग्यू, तापाचे रुग्ण आणि सर्पदंश यांनी भरलेले असतात. तेव्हा लेखनाचे तास शून्य धरा आणि ते वॉर्डाला द्या. विद्यापीठाच्या परीक्षा आणि दिवाळीची सुटी या काळात राउंड चालूच असतात, पण वर्ग नसतात. माझे जवळपास सगळे लेखन त्या आठवड्यांत झाले आहे. सहाव्या वर्षाचे इंटर्न सहा महिने मेडिसिनला आणि पुढे दोन-दोन महिने तीन विभागांत फिरतात. त्यांच्या बदल्यांच्या तारखा तुमच्या भिंतीवर असू द्या, कारण अनुभवी इंटर्न वॉर्डात असला की पाचव्या वर्षाच्या मुलांकडे लक्ष द्यायला तुम्हाला एक जोड मिळते.

तुम्ही उद्यापासून करायची गोष्ट म्हणजे दोन आठवडे पंधरा मिनिटांच्या चौकटीत वेळेची वही ठेवणे. काय केले, कुठे केले आणि ते एकाहून अधिक कामांत उपयोगी पडले का, एवढेच लिहायचे. मग ती वही आणि २००८च्या नियमांतले ते पान घेऊन प्राचार्यांना भेटा. तक्रारीच्या सुरात बोलू नका. वॉर्डाचे तास कार्यभारात धरावेत आणि वर्गाचे १६ ऐवजी १० किंवा १२ करावेत, ही मागणी एका पानावर लिहून द्या. पहिल्या भेटीत मान्य झाली नाही, तर पुढच्या सत्राचे वेळापत्रक बनण्यापूर्वी पुन्हा द्या.

पीएच.डी.बद्दल माझे मत असे आहे की या वर्षी नाव नोंदवू नका. वॉर्डातला तुमचा पाय अजून रोवला गेलेला नाही. युनिट अजून तुम्हाला प्रश्न विचारू लागलेले नाही आणि आत्ता निवडलेला विषय पुस्तकातून आलेला असेल. आणखी एक वर्ष सकाळी राउंडला जा आणि जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात ते वहीच्या मागच्या पानावर लिहीत राहा. पुढच्या दिवाळीच्या सुटीत ते पान वाचा. त्यात तीनदा आलेला एखादा प्रश्न सापडला, तर त्याच विषयावर, त्याच वॉर्डात, मार्गदर्शक शोधायला लागा.